अर्धा झाकलेला आरसा

घरत सर चहा नेहमी गार करून प्यायचे. मुद्दाम करत नसत. ग्लास समोर ठेवला की त्यांना नेमकं काहीतरी सांगायचं आठवायचं, मग बोट हवेत फिरायचं, रेघा ओढल्या जायच्या, आणि चहावर साय धरायची. मी आतून बघायचे. दुसरा चहा करून पाठवावा असं मनात यायचं, पण मी बाहेर जात नसे. गिऱ्हाइकांपुढे जायला मला अजूनही जड जातं. बाहेरचं सगळं आमचे हे बघतात, मी कुडाच्या आत स्टोपाशी. कुडाला फट आहे. सर मला दिसले ते सगळे त्या फटीतून.

आमचं चहा-भज्यांचं दुकान माळशेजच्या रस्त्याला, वैशाखऱ्याच्या अलीकडे. वाडीची वाट जिथे डांबरी रस्त्याला मिळते, तिथेच रस्त्याचं वळण आहे. एका अंगाला टेकडीचा कातळ पुढे आलेला, दुसऱ्या अंगाला करवंदांच्या जाळ्या. वाटेवरून येणाऱ्याला मुरबाडकडचीही गाडी दिसत नाही आणि घाटाकडचीही. घाटाकडची जास्त वाईट, कारण ती उतारानं येते. शाळा वाडीत, वाटेनं वर गेल्यावर. सर तिथे विज्ञान शिकवायचे. राहायचे मुरबाडला, गाव खर्डीकडचं. शाळा सुटली की खाली येऊन आमच्या बाकावर एसटीची वाट बघत बसायचे. एसटी उशिरा यायची, मग लांबच्या पाड्यांवरची पोरंही त्यांच्याभोवती बसायची, आणि शाळा परत भरायची.

बारीक अंग, मोठे कान, शर्टाच्या खिशाला खडूची पांढरी कड. आवाज लहान. ओरडलेले मी कधी ऐकले नाहीत. पोराचं गणित चुकलं की सर म्हणायचे, "उत्तर राहू दे. आधी चित्र काढ. चित्राशिवाय गणित म्हणजे डोळे मिटून रस्ता ओलांडणं." हे वाक्य दिवसातून किती वेळा यायचं त्याला सुमार नाही. आमचे हे त्यांची नक्कल करायचे. कोणी मिसळ मागितली की म्हणायचे, "आधी चित्र काढ रे, मग वाढतो."

दुकानातली कुठलीही वस्तू सरांना शिकवायला चालायची. एकदा ऐन गर्दीत म्हणाले, "भाऊ, तुमचा डाव द्या जरा."

"सर, रस्सा कशानं वाढू मंग? हातानं?"

"दोनच मिनिटं."

"तुमची दोन मिनिटं म्हंजे यष्टीची दोन मिनिटं."

तरी दिला. डावाच्या आतल्या बाजूला पोरांची तोंडं उलटी, पाठीकडून सुलटी पण बारकी. आत वळलेला तो अंतर्गोल, बाहेर फुगलेला तो बहिर्गोल. तो डाव मी रोज घासत होते, पण त्यात तोंड उलटं दिसतं हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. रात्रीची भांडी घासताना बघितलं. खरंच उलटं दिसलं. मला हसू आलं, मग कोणी बघत नाही ना म्हणून मागे वळून पाहिलं.

एका संध्याकाळी लाईट गेली. आमच्याकडे मेणबत्त्या होत्या. सरांनी भजी बांधून दिलेला कागद मागितला, तेलाचा डाग पडलेला. तो उभा धरला आणि एका बाजूला एक मेणबत्ती लावली. इकडून डाग काळा, तिकडून डाग उजळ.

"आता पलीकडे दुप्पट अंतरावर मेणबत्ती ठेवायची आहे. दोन्हीकडून उजेड सारखा पडला की डाग दिसेनासा होईल. किती मेणबत्त्या लागतील?"

"दोन!" सगळी पोरं एकदम.

दोन लावल्या. डाग तसाच. तीन लावल्या, तरी होता. चौथी लावली आणि सरांनी कागद थोडा इकडे तिकडे हलवला, तर डाग गेला. कागद कोरा. पोरं वाकून वाकून बघायला लागली.

"अंतर दुप्पट, तर उजेड चौथा भाग. तिप्पट गेलास तर नववा. त्याला तीव्रता म्हणायचं," सर म्हणाले.

"सर," आमचे हे म्हणाले, "डाग घालवायचा उपाय बरा हाय. साबण नको, मेणबत्त्या घ्या."

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. असं हसताना मी त्यांना त्यानंतर पाहिलं नाही.

त्यांचा सगळ्यात आवडता खेळ मात्र आरशाचा. ह्यांचा दाढीचा आरसा आहे, तोंड मोठं दिसतं तो. सरांनी तो एकदा खाली काढून मेणबत्तीसमोर धरला आणि आमच्या चुना लावलेल्या भिंतीवर ज्योत उलटी पाडली. मग विचारलं, "आता मी अर्धा आरसा पुठ्ठ्यानं झाकणार. भिंतीवर काय दिसेल?"

"अर्धी ज्योत," कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मीही आत हलवली.

सरांनी पुठ्ठा लावला. ज्योत पूर्ण होती. फक्त अंधुक झाली होती.

"अर्धा झाकला तरी प्रतिमा पूर्ण! नुसती तीव्रता कमी. हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो, आणि हमखास चुकतो." दर वर्षी नव्या पोरांना ते ह्यात पकडायचे आणि दर वर्षी तेवढेच खूश व्हायचे. त्या वर्षी पुढच्या बाकावर कविता होती. वाडीतल्या बबनची पोरगी, आठवीतली. ती भिंतीजवळ जाऊन ज्योतीला बोट लावून आली.

पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीस वनिता गेली. नववीतली, कविताच्याच वर्गातली, पलीकडच्या पाड्यावरची. सरांनी त्या दिवशी जादा तास घेतला होता, कोणालाच एक गणित सुटत नव्हतं म्हणून. पोरं रोजच्यापेक्षा उशिरा खाली आली. अंधारून आलं होतं. वनिता वाटेवरून रस्त्यावर आली आणि घाटाकडून ट्रक आला. मी आवाज ऐकला. मी बाहेर गेले. त्याबद्दल लिहिणार नाही.

वनिताच्या आईनं सरांना काही म्हटलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "जेवली नव्हती ना ती?" दिवसकार्य होईपर्यंत ते रोज एसटीतून उतरून आधी त्या पाड्यावर जायचे, अंगणात बसून यायचे, मग शाळेत. आणि 'डोळे मिटून रस्ता ओलांडणं' हे वाक्य त्यांनी पुन्हा कधी उच्चारलं नाही. "चित्र काढ" एवढंच म्हणायचे आणि थांबायचे.

त्यानंतर त्यांना एकच गोष्ट सुचत होती. त्या वळणावर आरसा लावायचा. पुन्हा तिथे कोणाचं पोर जायला नको. बांधकाम खात्याच्या कचेरीत खेपा घातल्या, त्यात हिवाळा गेला. मग एका रविवारी कल्याणहून स्वतःच घेऊन आले. ताटापेक्षा मोठा, फुगीर, वाहनतळांवर लावतात तसला. ह्यांनी आणि सरांनी मिळून वाटेच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे खड्डा खणला, लोखंडी नळ उभा केला आणि सिमेंट ओतलं. पोरांनी वाटेच्या तोंडाशी उभं राहून ओरडायचं आणि सरांनी आरसा फिरवायचा.

"मुरबाड दिसतं का?"

"दिसतं सर, डावीकडं!"

"घाट?"

"उजवीकडं! म्हशीपन दिसतात!"

असा तो बसला. डाव्या अर्ध्यात मुरबाडकडचा रस्ता, उजव्या अर्ध्यात घाटाकडचा. पहिल्या दिवशी वाडीतली माणसं नुसती बघायलाच आली. एक म्हातारे म्हणाले, "तोंड एवढंसं का दिसतं रे? झिजलो का काय मी?" कोणी म्हणालं, पोरी आता हितंच वेण्या घालतील. सर सगळ्यांना समजावत होते. बहिर्गोल आरशात सगळं लहान दिसतं. लहान दिसली म्हणून गाडी लांब आहे असं समजू नका, ती जवळ असते. हे त्यांनी पोरांकडून पाठ करून घेतलं आणि घरी जाऊन आईबापाला सांगायला लावलं. आरसा धुक्यात ओला होतो, म्हणून पोरांच्या पाळ्या लावल्या, सकाळी येताना पुसायचा. लोक काय काय चुका करतील त्याचा त्यांनी फार विचार केला होता. बाकावर बसून त्याचीच गणितं घालायचे. ट्रक इतक्या लांब, आरसा असा, तर प्रतिमा केवढी? दिवा लागलेला असेल तर आधी काय दिसेल, ट्रक की उजेड?

कविताचा बाप बबन आधी मोटरसायकल घेऊन वाटेवरून सरळ रस्त्यावर घुसायचा. पोरीनं त्याला सुधारला. तो आता पाय टेकून थांबायचा, आरशात बघायचा, आणि ह्यांना हात करून जायचा. "माझी मास्तरीण घरातच हाय," म्हणायचा.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारं, अवजारं, गाड्या धुऊन पुजतात. नांगर असो, कोयता असो, शिलाई मशीन असो, जे हाताला येतं आणि पोट भरतं त्याला हळदीकुंकू आणि झेंडूचा हार. ह्यांनी त्या दिवशी आमच्या स्टोला हार घातला, डावालाही कुंकू लावलं. सर सुट्टीला खर्डीला आईकडे गेले होते. दुपारनंतर शाळेतली पोरं नवे कपडे घालून खाली आली. कविताच्या हातात मोठा हार होता. झेंडू, आंब्याची पानं, मधे मधे भाताच्या नव्या लोंब्या. फार सुरेख केला होता.

"कुनासाठी गो?" ह्यांनी विचारलं.

"आरशाला. त्यानं वर्षभर कुनाला काय होऊ दिलं नाय."

वर्ष झालं नव्हतं, पण आम्हाला सगळ्यांनाच ते बरं वाटलं. एका पोरानं नळावर चढून हार बांधला. हार जड, तो घसरून उजव्या अंगाला गोळा झाला. मग त्याच बाजूला कवितानं कुंकवाचं स्वस्तिक काढलं, वर हळदीची बोटं.

आमचे हे म्हणाले, "अगो, आरसा झाकला की!"

"अर्धाच झाकलाय काका. अर्धा झाकला तरी सगळं दिसतं, नुसतं अंधुक दिसतं. सरांनी तुमच्याच भिंतीवर नाय का करून दाखवलं?"

ह्यांनी वाटेच्या तोंडाशी जाऊन बघितलं. उरलेल्या भागात रस्ता दिसत होता, त्यावर एक गाय. "हां, दिसतं की," म्हणाले. मलाही ती भिंतीवरची ज्योत आठवली. पूर्ण ज्योत. आम्ही सगळ्यांनी ती बघितलेली होती. पोरांनी एकमेकांना आपट्याची पानं दिली, ह्यांना दिली, आत येऊन माझ्याही हातावर ठेवली.

दिवेलागणीला बबन सोनं द्यायला निघाला, रस्त्यापलीकडच्या सोयऱ्यांकडे. खिशात आपट्याची पानं कोंबलेली. तो थांबला. पाय टेकला, आरशात बघितलं, ह्यांना हात केला. हे मी फटीतून पाहिलं आहे. आरशात रिकामा रस्ता होता, मुरबाडकडचा. तो निघाला आणि घाटाकडून टेंपो आला.

सरांना कोणीतरी रात्रीच फोन केला असावा. सकाळच्या पहिल्या गाडीनं ते उतरले. आरशाखाली उभे राहिले. हार तसाच होता, थोडा सुकलेला. मग रस्ता ओलांडून वाटेच्या तोंडाशी आले आणि तिथून बघितलं. एक पाऊल इकडे, एक पाऊल तिकडे. मग आमच्या बाकावर बसले.

"कोणी बांधला?"

"कवितानं," हे म्हणाले. "ती म्हनाली, अर्धा झाकला तरी..."

सरांनी डोळे मिटले.

तेवढ्यात वाडीतली माणसं खाली आली. बबनचा थोरला भाऊ पुढे. त्याचा चेहरा बघून मी फटीपासून मागे झाले. "कुनी ते तोरान बांधलं? कुना भडव्याला सुचलं? नाव सांगा!" पोरं सगळी मागे. कविता त्यांत नव्हती, ती घरी बापाजवळ होती.

सर उठून उभे राहिले. म्हणाले, "मी सांगितलं होतं. दसऱ्याला आरशाला हार घाला म्हणून."

आमच्या ह्यांचं तोंड उघडलं. सरांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं. ह्यांनी ते मिटलं.

सरांना मारलं. फार नाही, पण मारलं. चष्मा पडला. कोणी अडवलं, कोणी ढकललं. मग माणसं आरशाकडे वळली आणि काठ्यांनी त्याला बडवायला लागली. तो काचेचा नव्हता, त्यामुळे फुटायला वेळ लागला. सर चष्मा हातात धरून ते बघत होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेले. एवढ्या माणसांत मी त्याआधी कधी गेले नव्हते. सर म्हणाले, "वहिनी, तुम्ही आत जा." पाणी घेतलं नाही.

बबनचे दिवस झाल्यावर एका दुपारी कविता आली. दुकानात कोणी नव्हतं. सर बाकावर होते.

"सर, मी बांधला व्हता."

"माहीत आहे."

"मंग तुमी का सांगितलं?"

"उत्तर माझं होतं. तू फक्त लिहिलंस."

ती रडली नाही. म्हणाली, "पन ते उत्तर बरोबर हाय ना? भिंतीवर पूर्ण ज्योत व्हती. मी बोट लावलं व्हतं."

सरांनी बाकावर सांडलेल्या पाण्यात बोट बुडवून रेघा काढल्या. मेणबत्तीची ज्योत भिंतीवर पडते ती आरशाच्या प्रत्येक भागातून थोडी थोडी येऊन पडते. अर्धा झाकला तर उरलेला अर्धा ती पूर्ण पाडतो, उजेड तेवढा कमी. पण आपण डोळ्यानं आरशात बघतो तेव्हा तसं होत नाही. घाटाकडच्या रस्त्यावरून येणारा उजेड आरशाच्या एकाच जागेवरून आपल्या डोळ्यात येतो. ती जागा झाकली की तो रस्ता गेला. अंधुक होत नाही. जातोच.

"हे मी शिकवलं नाही," सर म्हणाले. "मला टाळ्या घ्यायच्या होत्या. प्रश्न अर्धाच शिकवला."

कविता त्या रेघा वाळेपर्यंत बघत राहिली. मग तिनं विचारलं, "पेपरात आला तर काय लिवू?"

सर म्हणाले, "पेपरात भिंतीवरचंच विचारतात. पूर्ण प्रतिमा, तीव्रता कमी. तेच लिही."

"नाय लिवनार," ती म्हणाली, आणि वाटेनं वर गेली.

संस्थेनं सरांना शहापूरकडच्या दुसऱ्या शाळेत टाकलं. वाडीनं तशी मागणी केली होती. जाईपर्यंत ते रोज शाळा सुटायच्या आधी खाली येऊन वळणावर उभे राहायचे, जिथून दोन्हीकडचा रस्ता दिसतो तिथे, पार पलीकडच्या कडेला. पोरं वाटेच्या तोंडाशी थांबायची. सर दोन्हीकडे बघून हात करायचे, मग पोरं यायची. काही आईबाप पोरांना म्हणायचे, त्याच्याकडे बघू नका. पोरं बघायचीच. बघितल्याशिवाय रस्त्यावर येताच येत नव्हतं.

शेवटच्या दिवशीही उभे होते. पिशवी आमच्या बाकावर, चहा त्यांनी घेतलाच नव्हता. शाळा सुटली, पोरं आली, त्यांत कविता होती. दसऱ्यानंतर तीही रोज रस्त्यापर्यंत यायची, लहान पोरांना सोडायला. घाटाकडून गाडी येत होती, म्हणून सरांनी पोरांना तळहात दाखवून थांबवलं आणि दुसऱ्या हातानं गाडीला 'जा' म्हणून खूण केली. ती त्यांचीच मुरबाडची एसटी होती. डायव्हरनं खूण पाहिली आणि गाडी वळणावरून तशीच पुढे काढली.

"सर, तुमची यष्टी!" हे ओरडले.

सरांनी मान हलवली, पण हात खाली केला नाही. मागून ट्रक येत होता. तो गेला. मग त्यांनी दोन्हीकडे बघितलं आणि पोरांना बोलावलं. कवितानं लहान पोरांना हाताला धरून पलीकडे नेलं. त्यांच्या शेजारून गेली तेव्हा थांबली नाही, पण त्यांच्या हाताच्या खालून गेली.

मग ते आले, पिशवी उचलली. हे म्हणाले, थांबा, कोणाच्या तरी गाडीवर बसवून देतो. "नको भाऊ, टोकावड्यापर्यंत चालतो, तिथे मिळेल." कुडाकडे तोंड करून म्हणाले, "येतो वहिनी." मी आतून "हो" म्हटलं. त्यांना ऐकू गेलं की नाही कळलं नाही.

मी बाहेर येऊन वाटेच्या तोंडाशी उभी राहिले. ते समोरून येणाऱ्या गाड्या दिसाव्यात म्हणून उजव्या कडेनं चालत होते, मुरबाडच्या दिशेनं. करवंदांच्या जाळीपर्यंत दिसले. पुढे वळण आहे. समोर आरशाविना नुसता लोखंडी नळ उभा होता, त्यामुळे पलीकडचं काही दिसलं नाही.